गिटारवाल्यांचा डावा हात

माझ्या पार्लरच्या दारावर 'फक्त महिलांसाठी' असा बोर्ड आहे. तो मी मुद्दाम लाल अक्षरात रंगवून घेतलाय, कारण काळ्या अक्षरातला बोर्ड आमच्या गल्लीतल्या पुरुषांना दिसत नव्हता. "हिचं झालं का?" म्हणत पडदा बाजूला सारणारे किती नवरे मी त्या बोर्डाखाली उभे करून झापलेत, त्याची गणती नाही. त्यामुळं एका दुपारी, पार्लर बंद करून मी जेवायला बसणार तेवढ्यात, एक उंचापुरा चाळिशीतला माणूस पायरीवर येऊन "ताई, नखं करून मिळतील का?" म्हणाला, तेव्हा मी नुसतं बोर्डाकडं बोट दाखवलं.

तो हलला नाही. त्यानं उजवा हात पुढं केला. अंगठा आणि त्याच्या शेजारची तीन बोटं, चारही बोटांना बाईमाणसासारखी राखलेली नखं, करंगळीचं तेवढं कापलेलं. आणि मधल्या बोटाला नखाच्या जागी पांढरा प्लास्टिकचा तुकडा चिकटवलेला. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणे टेबल टेनिसचा बॉल. कात्रीनं कापून झटपट चिकटणाऱ्या गोंदानं लावलाय. मला हसू आवरेना. पण तो माणूस हसत नव्हता. तो गिटार वाजवायचा, पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत वाजवायला जायचा, नखांनीच तारा छेडायचा, आणि दोन दिवसांनी रेकॉर्डिंग असताना नख मुळापासून तुटलं होतं. त्याची बायको माझ्याकडं आयब्रो करायला यायची, तिनंच पाठवलं होतं. इथं मी 'तो' म्हणतेय ते त्या दिवसापुरतं. नंतर त्यांच्याबद्दल एकेरी कधी तोंडात आलं नाही.

बोर्ड माझाच, तेव्हा तो मोडायचा तर उघड मोडायचा असं मी ठरवलं. व्हरांड्यात खुर्ची मांडली, दार सताड उघडं ठेवलं आणि सगळ्या गल्लीला दिसेल असं त्यांना बसवलं. म्हणलं, बघा काय बघायचंय ते. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारीला त्या दिवशी एक टॉवेल वाळत घालायला अर्धा तास लागला. तुटलेल्या नखासाठी माझ्याकडं रेशमाची बारीक जाळी असते. तिचा तुकडा नखाच्या गोंदात बसवायचा, वर पावडर, वर परत गोंद, आणि कानशीनं घासून आकार द्यायचा. नवरीच्या नखांना मी हे डोळे मिटून करते. इथं मात्र आकार दिला आणि ते "नाही हो ताई" म्हणाले. परत घासलं, परत नाही. चार वेळा. मी कातावले. वीस वर्षं नखं करतेय, मला कोण शिकवणार?

मग त्यांनी पिशवीतून एक फळी काढली. हातभर लांब, तिच्यावर एकच तार ताणून बसवलेली. मी केलेलं नख त्या तारेवरून ओढलं आणि म्हणाले, ऐका. नंतर शेजारच्या बोटाचं स्वतःचं नख ओढलं आणि म्हणाले, आता हे ऐका. अय्यो, फरक चांगला कळत होता की. माझ्या नखाचा आवाज पत्र्यावर खडा ओढल्यासारखा येत होता आणि त्यांच्या नखाचा गोल, भरलेला. दिसायला माझं नख दहा पट देखणं होतं. पण तारेला देखणेपणाशी काय करायचंय? तिला नखाची कड लागते, आणि ती कड एका बाजूला उतरती पाहिजे, अन् काचेसारखी गुळगुळीत. त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातला सगळ्यात बारीक पॉलिशपेपर आणला होता. तो झिजवून झिजवून पार कापडासारखा मऊ केलेला. त्यानं शेवटचा हात फिरवल्यावर तार बोलली. नखाला आवाज असतो हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर ते सोलापुरात असले की दर आठवड्याला दुपारी दीडला यायचे. मी नखं करायची, त्यांनी फळीवर तपासायची. दोन-तीन महिन्यांत असं झालं की त्यांच्या आधी मलाच कळायचं. मी म्हणायची, "थांबा, मधल्याला खरखर आहे," आणि ते मान हलवून परत हात पुढं करायचे. एवढ्या मोठ्या कलाकारानं माझ्या कानावर विश्वास ठेवावा, याचा मला कोण अभिमान वाटायचा. बायकांच्या भुवया कोरताना मी उगीचच ताठ बसायला लागले.

त्या हातांची ते जी काळजी घ्यायचे, ती बघून आधी मला वाटायचं की जरा अतिच आहे. कुठलंच शटर कधी स्वतः ओढायचे नाहीत. गाडीचं दार दुसऱ्यानं लावेपर्यंत हात मांडीवर. कडक भाकरी त्यांना भारी आवडायची, पण तोडून द्यायची बायकोनं. ती टण्णकन मोडते आणि नख घेऊन जाते, असं म्हणायचे. कुणी हात मिळवायला पुढं आलं की ते दोन्ही हात जोडायचे. त्यामुळं गावात अर्ध्या लोकांचं मत की माणूस शिष्ट आहे. मी स्वतः एकदा विचारलं, एवढं जपून जगायचा कंटाळा येत नाही का? तर त्यांनी शांतपणे सांगितलं, की सुताराला रंधा बदलता येतो, मला बोट बदलता येत नाही. माझी कात्री बोथट झाली तर मी दुसरी घेते.

गिटारी त्यांच्याकडं तीन. तिन्ही सांगून करून घेतलेल्या. उंच माणूस, पण तळहात लहान, आणि दुकानातल्या गिटारींच्या दांड्या रुंद, त्यामुळं तरुणपणी मनगट सुजायचं. मग एक कारागीर गाठला. त्यानं कागदावर दोन्ही हातांची बोटं पसरून पेन्सिलीनं आकार काढून घेतला, चपलेचं माप घेतात तसा, आणि त्या मापाची दांडी बनवली. ती पहिली. दुसरी नायलॉनच्या तारांची, मऊ, घरगुती आवाजाची. आणि तिसरी नवी. ती व्हायला दोन वर्षं लागली. तिच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या सरळ नव्हत्या, पंख्यासारख्या तिरक्या पसरलेल्या, म्हणजे हात जसा आपोआप उघडतो तशाच त्या. जिथं कोपर टेकतं तिथला लाकडाचा कोपरा उतरवलेला. आणि वरच्या कडेला एक छोटं भोक. मी विचारलं, हे चुकून पडलं का? ते हसले. म्हणाले, समोरचं मोठं भोक लोकांसाठी, हे माझ्या कानासाठी.

ती गिटार बाळंतिणीसारखी जपायचे. आमच्या सोलापूरचा उन्हाळा माणसाची कातडी फाडतो, तिथं लाकडाचं काय घेऊन बसलात. पेटीत एका भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवलेला असायचा, लाकडाला तहान लागू नये म्हणून. आमचे हे चिंचोळी एमआयडीसीत फिटर आहेत. एका सुट्टीला त्यांनी ती गिटार बघितली, जोड कुठं आहेत ते बोटानं चाचपून शोधायला गेले आणि एकही सापडला नाही. नंतर दोन दिवस जेवताना तोच विषय.

त्या नव्या गिटारीवर त्यांचा कार्यक्रम ठरला. गायक नाही, तबला नाही, निवेदक नाही. नुसती गिटार, आणि तीही सोलापुरात. बाहेर त्यांनी असं वाजवलं होतं. इथं मात्र आयुष्यभर ऑर्केस्ट्रात गाणाऱ्याच्या मागं, पंख्याखालच्या खुर्चीत बसले होते. गावाला गिटार म्हणजे गाण्याच्या मागची खळखळ एवढंच ठाऊक. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की हॉल एकदाच मिळालाय, लोक एकदाच कुतूहलानं येतील. त्या संध्याकाळी कंटाळून उठून गेले तर या गावात एकट्या गिटारीला परत कुणी बोलवणार नाही, मलाही नाही आणि माझ्यामागून येणाऱ्यालाही नाही. रविवारचा कार्यक्रम. आणि बुधवारी दुपारी ते नखं करायला आले.

तीन दिवस पुण्यात रेकॉर्डिंग करून पहाटेच्या गाडीनं परतले होते. ऊन मी म्हणत होतं, म्हणून त्या दिवशी आत कूलरसमोर बसवलं. उजवा हात माझ्या टॉवेलवर ठेवला आणि पाच मिनिटांत डोकं मागं टाकून झोपून गेले. मी चारही नखं केली. इतकी सुरेख झाली की स्वतःच फळीवर ओढून बघावीशी वाटली. झोपमोड नको म्हणून नाही ओढली. तेवढ्यात त्यांचा डावा हात दिसला.

इतक्या महिन्यांत मी तो हात कधी नीट बघितलाच नव्हता. त्याची नखं ते स्वतःच बारीक कापायचे, मला काम नसायचं. तळवा वर करून मांडीवर पडला होता. चारही बोटांची टोकं पिवळट, कडक, टाचेसारखी. मधोमध तारांच्या चिरा, चिरांत काळं बसलेलं, एका बोटाची साल निघालेली. एवढा गुणी माणूस, चार दिवसांनी सगळ्या गावासमोर बसणार, लाइट पडणार, फोटो निघणार, आणि बोटं ही अशी. मनात म्हणलं, उजव्याचे लाड सगळे करतात, या बिचाऱ्याला कोण बघतंय?

कोमट पाणी घेतलं. त्यात शाम्पू, चिमूटभर मीठ. हात अलगद उचलून वाटीत सोडला. ते झोपेत जरा पुटपुटले, पण जागे झाले नाहीत. दहा-पंधरा मिनिटं भिजू दिलं. मग क्रीम, मग वज्री, आणि जिथं वज्रीला दाद मिळेना तिथं टाचांची पाती. मी हे काम जीव लावून केलं, हेच तर दुःख आहे. एक एक थर काढला, चिरा पुसल्या, वर तेल चोळलं. चारही टोकं तान्ह्या बाळासारखी गुलाबी झाली. मला इतका आनंद झाला की चहा टाकला आणि मगच त्यांना उठवलं. म्हणलं, बघा तरी.

त्यांनी बघितलं. अंगठ्यानं एक एक बोट दाबून बघितलं. मग फळी घेतली, तारेवर बोट दाबलं आणि उचललं. तार मांसात रुतल्याची खूण उमटली होती. ती बराच वेळ गेली नाही. किती वेळ पाण्यात ठेवला, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "बरं," म्हणाले, चहा सगळा प्यायले, चपला घातल्या आणि गेले. आणि मी येडी, मला वाटलं माणूस खूश होऊन बोलायचा थांबला.

संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा मी कौतुकानं सगळं सांगितलं. यांनी कप खाली ठेवला. हे मोहोळकडचे, एरवी दिवसाला दहा शब्द बोलतात.

"काय केलंस तू हे?" म्हणाले. "अगं, ती घाण न्हाय. ती त्यांची हत्यारं हायती."

मी म्हणलं, म्हणजे? तर यांनी स्वतःचा तळहात माझ्यासमोर धरला. पंधरा दिवस रजा काढून परत कामावर गेलं तरी पाना धरून फोड येतात, म्हणाले, आणि त्यांना तर पोलादी तार दाबायची, तीही दोन तास. मला एकदम सगळं कळलं. झोपेतलं पुटपुटणं, फळी, ती खूण, तो 'बरं'. पातेलं हातातून सुटून मोरीत पडलं. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. राग कुणावर काढावा तेही सुचेना, म्हणून यांच्यावरच काढला, की तुम्ही आधी का नाही सांगितलंत. आधी म्हणजे कधी, ते त्यांनी विचारलं नाही.

सकाळी पार्लरला कुलूप घालून मी त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं की तिला माहीत आहे. तिनं पाणी दिलं, हेच खूप. आतल्या खोलीतून गिटार ऐकू येत होती. चार सूर, मग थांबणं, परत चार सूर, परत थांबणं. मी आत गेले आणि रात्रभर घोकलेली माफी एका दमात म्हणून टाकली. ते नुसते ऐकत होते. शेवटी मीच चिडले. म्हणलं, सर, माझ्यावर ओरडा तरी, म्हणजे मला घरी जाता येईल.

"कशाबद्दल ओरडू?" ते म्हणाले. "ही बोटं बघून लोक आजवर शी म्हणालेत. तुम्हाला वाईट वाटलं."

मी पदर तोंडाला लावला. मग त्यांनीच समजावून सांगितलं. कातडी परत तयार व्हायला तीन आठवडे लागतात, आपल्याकडं तीन दिवस आहेत. निम्मा कार्यक्रम नायलॉनच्या गिटारीवर निभावता येईल, त्या तारा मऊ. पण उरलेलं निम्मं त्या नव्या गिटारीसाठीच रचलेलं, ते दुसरीवर बसत नाही. आणि लोक तिच्यासाठीच येणार होते. काही वादक बोटांना गोंद लावतात म्हणे. त्यांनी रात्री लावून बघितला होता. थर जाड झाला, तार कुठं आहे तेच बोटाला कळेना.

गोंद म्हणल्यावर माझं रडणं थांबलं. गोंद हे माझं काम. मी घरी जाऊन सगळी पेटी घेऊन आले. रेशमाची जाळी, तीन प्रकारचे गोंद, कानशी, त्यांचाच तो पॉलिशपेपर. गुरुवारी मी जाळीचा जो तुकडा लावला तो मोठा झाला, बोट सरकताना चरचर वाजायचा. सोलून काढला. दुसरा लहान केला, तर त्याची कड तारेत अडकायची. तोही काढला. शुक्रवारी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली, त्यात एक लग्नघरची. तिनं मला काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही. आमच्या पार्लरमध्ये नखावर जेवढं चढवाल तेवढं मोल. इथं उलटं होतं. जिथं तार पडते तेवढ्याच रेषेवर एक थर, आणि कडा घासून घासून इतक्या पातळ करायच्या की बोट कुठं संपतं आणि रेशीम कुठं सुरू होतं ते हाताला लागू नये. शनिवारी दुपारी ते जमलं. त्यांनी वाजवलं, मी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणलं, तिसऱ्या बोटाला अजून जरा आहे. त्यांनी बोट पुढं केलं. दोन वेळा कागद फिरवला. आता चरचर दोघांनाही ऐकू आली नाही.

त्या तीन दिवसांत त्या घरानं त्यांच्या डाव्या हाताला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. आंघोळीला हाताला पिशवी बांधायची, रबर लावायचं. दिवसातून दहा वेळा दहा-दहा मिनिटं वाजवायचं, मध्ये कातडी कडक व्हावी म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवायचा. इतकं शिस्तीत, की मला माझ्या दहावीतल्या पोराची आठवण येऊन त्याचाच राग आला. एकदाही त्या माणसानं उसासा टाकला नाही. दुखतंय का विचारलं, तर म्हणायचे, नवीन शिकत होतो तेव्हाही असंच दुखायचं, बरं वाटतंय.

रविवारी हॉल भरला. मी पेटी मांडीवर घेऊन विंगेत एका स्टुलावर बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्टेजवर बघत होते. इतके दिवस मी त्यांना एका तारेवर ऐकलं होतं, सहा तारांवर नाही. पहिली नायलॉनची घेतली. लोक आधी खोकत होते, खुर्च्या सरकवत होते, एक फोनही वाजला. मग हळूहळू खोकले थांबले. कसं सांगू, एकच माणूस होता पण खाली कुणीतरी चालतंय, मध्ये कुणीतरी बोलतंय आणि वर तिसरंच कुणी गुणगुणतंय, असं ऐकू येत होतं. आणि ते सगळं त्या चार नखांतून, जी मी केली होती. मला लाज वाटते सांगायला, पण मी त्या अंधारात माझी स्वतःची बोटं मोजली. माझ्याकडंही दहाच आहेत.

मध्यंतरात ते आत आले आणि हात माझ्यासमोर धरला. पहिल्या भागातले शेवटचे दोन तुकडे नव्या गिटारीवर वाजवून झाले होते. तर्जनीवरचं रेशीम निघालं होतं आणि खाली फोड. तिसऱ्या बोटाचं अर्धं लोंबत होतं, त्याखाली लालभडक. मी म्हणलं, सर, पुढचं सगळं मऊ गिटारीवर वाजवा, कुणाला कळतंय? त्यांनी मान हलवली. मला कळतंय, म्हणाले, लावा.

मी लावलं. तशा कातडीवर गोंद पडला की विस्तव पडल्यासारखं होतं, मला माहीत आहे. त्यांनी हात मागं घेतला नाही. घासायला वेळ नव्हता, पण कडा मी घासल्याच. मग मी म्हणलं, "हे एक तासाचं आहे. त्यापुढं नाही. ऐकताय ना?" त्यांनी हो म्हणलं.

दुसरा भाग मी ऐकला कमी आणि ती दोन बोटंच बघत राहिले. तेवढं मात्र कळलं की हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता, इतके लोक गप्प होते. एकही उठून गेला नाही. त्यांनी जिथं तिसरं बोट पडायचं तिथं दोनदा करंगळी टाकली, घरी तीन दिवस ऐकलेलं म्हणून मला कळलं, बाकी कुणाला नाही. शेवटचा सूर थांबला. टाळ्या थांबेनात. मागचे लोक उभे राहिले, मग पुढचे. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलंही नाही. जिंकलं म्हणलं, गाव जिंकलं या माणसानं.

मग 'आणखी एक' सुरू झालं. आधी एका कोपऱ्यातून, मग सगळीकडून. त्यांनी गिटार अजून मांडीवरच ठेवली होती. चेहरा उजळला होता. कुठल्या कलाकाराला वाटणार नाही? याच गावात आयुष्यभर मागं बसलेला माणूस. उजवा हात तारांवर गेलासुद्धा. आणि मग त्यांनी मान वळवून विंगेत, माझ्याकडं बघितलं.

विचारत होते. एवढा हॉल ओरडत होता, आणि ते मला विचारत होते.

रेशीम दोन्ही बोटांवरून गेलं होतं, मला इथून दिसत होतं. अजून एक वाजवलं असतं तर फोड फुटून खालचं मांस उघडं पडलं असतं, मग महिना-दोन महिने हात बाजूला. मला माहीत होतं की हो म्हणलं तर ते वाजवतील, आणि असं वाजवतील की लोक नातवंडांना सांगतील. मी त्यांच्याकडं बघितलं आणि मान आडवी हलवली.

त्यांनी गिटार खाली ठेवली, उठले, लोकांना दोन्ही हात जोडले आणि आत आले.

बोटांना औषध लावून, पेटी आवरून मी खाली उतरले तेव्हा जिन्यावर गर्दी होती. माझ्या पुढं एक काकू नवऱ्याला सांगत चालल्या होत्या, की वाजवलं झकास, पण गर्व झालाय बघा, एवढे लोक विनवतायत आणि एक वाजवलं नाही. मला राहवलं नाही. इतके दिवस पोटात दाबून ठेवलेलं सगळं वर आलं.

"गर्व नाही हो काकू," मी म्हणलं. "मी नको म्हणाले त्यांना."

त्या वळल्या. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. साडी, पिनांनी बांधलेले केस, काखेतली पेटी.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"त्यांचे हात माझ्याकडं असतात," मी म्हणाले.